रविवारची मूठभर रोपं

"मुळं या खेपेला फारच तुटकी आहेत," बाईंनी पिशवी उजेडाकडे धरून म्हटलं.

शोभेच्या माशांच्या दुकानाची मालकीण हसली. "हिंडून हिंडून दमलीत बिचारी. पण तुमच्यासाठीच बाजूला ठेवली होती, मावशी. सोमवारी येतात, शनिवारपर्यंत कुणाला हात लावू देत नाही."

बाईंनी पिशवी भाजीखाली दडवली. यात चोरी कसली नव्हती, पण वरच्या मजल्यावरचे ड्राफ्ट्समन जिन्यात भेटले असते तर पंचाईत होती.

एकेकाळी बाईंच्या टाकीत ही तरंगती रोपं नुसती उतू जायची. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काचेची भांडी सांभाळून त्या निवृत्त झालेल्या. टाकी त्यांना जड नव्हती. जास्तीची रोपं त्यांनी एकदा वाडग्यात घालून जिन्यात ठेवली, हवी त्याने न्यावीत म्हणून. ड्राफ्ट्समन वाडगं परत द्यायला आले, माझ्याकडेही टाकी आहे म्हणाले, आणि पुढच्या रविवारी जॅमची रिकामी बरणी घेऊन हजर. तेव्हापासून दर रविवारी चार वाजता बेल वाजायची. रोपं काढायला दोन मिनिटं लागत, चहाला आणि गप्पांना दीड तास.

मग एका माशाने टाकीबाहेर उडी मारली आणि झाकण बसवावं लागलं. झाकणाला वाफ धरे, पाणी पानांवर ठिबके, तीन-चार दिवसांत पानं सडून जात. खरं काय ते सांगून टाकायचं बाईंनी दोनदा ठरवलं. पण रोपं नाहीत म्हटल्यावर माणूस बरणी घेऊन कशाला येईल? आठवडाभरात त्यांच्याशी बोलायला दुसरं कुणी येत नव्हतं. म्हणून शनिवारी दुकान, शनिवारीच रोपं टाकीत, आणि रविवारी "बघा, किती माजलीत" असं तोंड वर करून म्हणायचं. प्रयोगाच्या वहीत खोटे आकडे लिहिणाऱ्या पोरांना कान धरून उभं करणाऱ्या बाई त्या ह्याच.

ड्राफ्ट्समन मात्र सरळ माणूस. मासे मुळांच्या सावलीत कसे विसावतात, वर सगळं झाकलं गेलं तर खाली उजेड कसा पोचत नाही, हे ते नकाशा समजावून दिल्यासारखं सांगत. वर बघायला या, असं काही कधी म्हणाले नाहीत. तुमचे गुडघे, त्यात हा जिना, उगाच कशाला त्रास, म्हणत. बाईंना ती काळजी आवडायची.

त्या रविवारी बरणी वर गेली आणि संध्याकाळी बाईंच्या लक्षात आलं की साहेब कुठे दिसत नाहीत. साहेब म्हणजे गोगलगाय. भाचीच्या मुलीने तिच्या शंखावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता, आणि कचेरीत फाईल पुढे सरकावी त्या वेगाने ती काचेवरून चालायची, म्हणून साहेब. भाची परदेशी गेली, मुलगी तिच्याबरोबर गेली, ठिपका तेवढा राहिला. बाईंचा त्याच्यावर फार जीव होता. स्वारी मुळांना चिकटून बरणीतून गेली असणार.

मंगळवारी सकाळी जिन्यात त्यांनी विचारलं. ड्राफ्ट्समननी आधी चष्मा काढून पुसला.

"आहेत की साहेब. माझ्या टाकीत मजेत फिरतायत. रविवारी आणून देतो."

"विसरू नका हं."

"विसरेन कसा?"

शनिवारी दुकानात मालकिणीने पिशवी पुढे केली, ती अर्धीच भरलेली.

"या खेपेला कमी आहेत, मावशी. दर सोमवारी एक काका बरणीतून ही रोपं मला आणून देतात ना, ते मंगळवारी धावतपळत आले. सगळा टब उपसला, निम्मी रोपं चिरडली. शंखावर लाल ठिपका असलेली गोगलगाय शोधत होते. सापडली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. मग मलाच विचारतात, हिला रविवारपर्यंत जिवंत ठेवायला घरात काय काय लागतं? म्हटलं, काका, टाकी आहे ना घरी? तर म्हणाले, कधीच नव्हती."