डॉक्टरांचा कान

"इंजिन गार आहे ना?" चष्मेवाल्याने विचारलं.

"हात लावून बघ," डॉक्टर म्हणाले.

त्याने हात लावला. इंजिन गार होतं. त्याचा हात त्याहून गार होता.

दुकानात चष्म्याच्या काचा बसवणारा हा मुलगा सुटीच्या सकाळी परक्या अंगणात उकिडवा बसला होता, तो लग्नासाठी. डॉक्टरांची मुलगी त्याला पसंत होती, तिला तो पसंत होता, तिच्या आईलाही होता. राहता राहिले डॉक्टर. त्यांनी एकच अट घातली होती: माझ्या मोटारसायकलचे टॅपेट लावून दाखव, मग बोलू. मुलीने त्याला बजावलं होतं, "बाबा नाही म्हणाले तर विषय संपला. आणि थापा मारू नकोस, त्यांच्या कानाला सगळं कळतं."

डॉक्टर हे काही औषधाचे डॉक्टर नव्हते. त्यांचा उभा जन्म पोस्टात शिक्के मारण्यात गेला होता. पण गल्लीत कुणाचीही गाडी कुरकुरली की ती आधी त्यांच्या दारात यायची. ते स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "टॅपेट." पुढचं गॅरेजवाल्याने बघायचं. स्वतःच्या गाडीला मात्र ते गल्लीतल्या कुणाला हात लावू देत नसत. अधूनमधून तिला घेऊन एकटेच कुठेतरी जायचे आणि संध्याकाळी ठणठणीत करून आणायचे. चारचौघांत इंजिन उघडू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. आज पहिल्यांदाच त्यांनी परवानगी दिली होती.

चष्मेवाल्याने प्लग काढला, इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण सोडवलं. मागचं चाक हाताने हळूहळू फिरवत, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना पिस्टन पार वर आणला. मग व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा स्क्रू यांच्यामधल्या फटीत एक पातळ पोलादी पट्टी सरकवली. टॅपेट लावणं म्हणजे ही फट नेमकी राखणं. फट केसाएवढी. पट्टी तिच्यातून जरा अडखळत सरकली पाहिजे. सहज गेली तर सैल, गेलीच नाही तर घट्ट.

"सासू-सुनेत असावं तेवढं अंतर," पायरीवर मटार सोलत बसलेली मुलीची आई म्हणाली.

"तू मध्ये बोलू नकोस." डॉक्टर स्टुलावरून पुढे झुकून, डोळ्यांत तेल घालून बघत होते.

चष्मेवाल्याने स्क्रू बेताने फिरवला आणि तो धरून ठेवणारा नट आवळला.

"हं," डॉक्टर म्हणाले.

या हुंकाराचा अर्थ काय, या विचारात बिचाऱ्याने दुसऱ्या व्हॉल्व्हचा नट आवळला, झाकण बसवलं, प्लग लावला आणि देवाचं नाव घेऊन किक मारली.

गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. आधी शिलाई मशीनसारखी टकटकणारी ती गाडी आता लोण्यासारखी चालत होती. टिक नाही की टक नाही. डॉक्टरांनी स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"शाब्बास! अगं, मटार राहू दे. काहीतरी गोड कर."

खिडकीतून बघणारी मुलगी दारात आली. आईने पदराला हात पुसले. लग्न ठरलंच म्हणायचं.

चष्मेवाला मात्र हसत नव्हता. त्याने इंजिनाशी कान नेला आणि गाडी बंद केली.

"काका, चूक झालीय."

मुलीने कपाळावर हात मारून घेतला.

"एक्झॉस्टचा, धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह घट्ट राहिलाय," तो म्हणाला. "नट आवळताना स्क्रू जरासा फिरला असणार, आणि मी पट्टी परत घालून बघितली नाही. म्हणून तर इतकी गप्प चालतेय. थोडी टिकटिक हवीच. आज कानाला गोड वाटेल, पण व्हॉल्व्ह नीट मिटणार नाही आणि काही महिन्यांत जळेल."

डॉक्टरांचा स्क्रूड्रायव्हर अजून कानालाच होता. तो त्यांनी सावकाश खाली ठेवला.

"हं. मी बघतच होतो, तू कधी बोलतोस ते. उघड परत."

"आत्ता नाही उघडता येणार, काका. तापलंय. पुरतं गार होऊ द्यावं लागेल."

म्हणून त्याला जेवायला थांबवलं. पास झालेला पेपर आपण स्वतःच परत मागून घेतला, या विचारात तो पानातला भात नुसता चिवडत राहिला.

"सांगायची काही गरज होती का?" वाढता वाढता मुलगी दबक्या आवाजात म्हणाली.

"थापा मारू नकोस म्हणून तूच सांगितलंस ना?"

यावर तिने त्याच्या पानात आणखी भात वाढला.

दुपारी त्याने सगळं पुन्हा उघडलं. या वेळी नट आवळल्यावर पट्टी घालून बघितली, मग उगाच आणखी एकदा बघितली. किक मारली. इंजिन एका लयीत बारीक टिकटिकायला लागलं. डॉक्टरांनी बराच वेळ डोळे मिटून ऐकलं.

"माझा होकार आहे," डॉक्टर म्हणाले.

काळे हात धुवायला तो आत गेला, आणि साबण दाखवायला म्हणून मुलगी त्याच्यामागून गेली. साबण नळाजवळ समोरच होता.

आई नवऱ्याजवळ येऊन बसली.

"एवढी मोठी चूक केली, तरी होकार दिलात?"

"चूक त्याने आपणहून सांगितली. पोरगी सुखात राहील त्याच्याकडे." डॉक्टरांचे डोळे भरून आले होते.

"न सांगून करतो काय? तुमचा कान समोर असताना लपवणार कशी?"

डॉक्टरांनी आतल्या दाराकडे एकदा बघितलं आणि स्टूल तिच्याजवळ सरकवलं.

"हळू बोल. मला अजूनही तो सकाळचाच आवाज बरा वाटतोय."