बुधरीचा अर्ज

बुधरी जंगल सफारीच्या गेटवरच्या शेडमध्ये शिरली आणि लटारूने तोंडाशी हात धरून वानराचा कॉल दिला. "खॅक्! खॅक्!" वाघ दिसला की वानरं झाडावरून अशीच ओरडतात. बाकावरच्या पाच-सहा गाइडांनी माना लांब करून वाघ शोधल्यासारखं केलं आणि सगळे खो खो हसले.

सुनिलही हसला. लगेच त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने खाली वाकून बुटाची लेस उगाच सोडली आणि पुन्हा बांधली.

हे डिसेंबरपासून चाललं होतं. जांभूळझरी गेटवर बुधरी ही एकटीच बाई गाइड. जंगलातल्याच गावात वाढलेली, पाऊलखूण पाहून वाघ की वाघीण ते सांगणारी. पण एका धुक्याच्या सकाळी तिने पाहुण्यांना बांबूत वाघ दाखवला आणि जिप्सी जवळ गेल्यावर तो मोहाचा जळका बुंधा निघाला. असं कोणाचं झालं नव्हतं? लटारूने तर एकदा गवा म्हणून गावातली म्हैस दाखवली होती. पण लटारू पडला पुरुष आणि गेटवरचा जुना. त्याची म्हैस सगळे विसरले, बुधरीचा बुंधा कोणी विसरेना.

सुनिलला गेटवर गाइड म्हणून अठरा वर्षं झाली होती. त्याचा शब्द सगळे मानायचे. त्याने एकदा डोळे वटारले असते तर हा कॉल त्याच दिवशी बंद पडला असता. हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि तेच त्याला आतून खात होतं. पण लटारूशी वाकडं कोण घेणार? तो गप्प बसायचा.

गप्प बसला तरी मन काही दगडाचं नव्हतं. शेड रिकामी झाली की तो चहाचे दोन कप घेऊन बुधरीजवळ जाऊन बसायचा.

"मनावर नको घेऊ, बुधरी. लोकं काय, बोलतेच. काल ड्रायव्हर लोकं पण म्हणून राह्यले होते, का हिले गाडीत काऊन बसवता. मीच म्हटलं, जाऊ द्या, बाईमाणूस आहे."

"हो भाऊ," बुधरी म्हणायची आणि कपाकडे पाहत राहायची.

कॅमेरेवाले मोठे पाहुणे आले आणि नेमका तिचाच नंबर लागला, की सुनिल पुढे व्हायचा. "आज मी जातो. एवढ्या लोकाईसमोर तुले दडपण येईन. तू दुपारची गाडी घे." दुपारी गाडी कधी मिळायची, कधी नाही. पण चारचौघांत पुन्हा फजिती होण्यापेक्षा ते बरं, असं त्याला वाटायचं. हंगामात ठरावीक फेऱ्या भरल्या नाहीत तर पुढच्या वर्षी गाइडचं कार्ड मिळत नसे. बुधरीच्या फेऱ्या कमी पडत चालल्या होत्या. सुनिलला त्याचंही फार वाईट वाटे.

मार्चमध्ये त्याने मोहर्लीच्या एका रिसॉर्टमध्ये तिच्यासाठी स्वयंपाकघरातलं काम बघून ठेवलं. "तिथी कोणाचा कॉल नाई, कोणाचं बोलणं नाई. डोक्याले शांती," तो म्हणाला.  दोन दिवसांनी कळलं, बुधरीने वनखात्याच्या ऑफिसात लेखी अर्ज दिला. गेटवर माझा छळ होतो, म्हणून.

शेडमध्ये सगळ्यांची तोंडं बंद झाली. वनाधिकारी निशात मॅडम नव्या होत्या, कमी बोलणाऱ्या. अर्ज खरा निघाला तर कार्ड काढून घेईन, एवढंच त्यांनी बजावलं. चौकशीला सर्वांत आधी सुनिलला बोलावणं आलं.

लटारूने त्याला वाटेतच गाठलं. "भाऊ, सांभाळून घ्या. गंमत होती म्हणून सांगा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमी पण तर हासत होते."

सुनिलला कानफटात बसल्यासारखं झालं. ऑफिसपर्यंतच्या वाटेवर त्याने ठरवून टाकलं. लटारू वैरी झाला तरी चालेल, गेटवर कोणी बोलेनासं झालं तरी चालेल, आज तोंड उघडायचंच.

आत मॅडमच्या टेबलाशेजारी बुधरी बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. मॅडम काही विचारायच्या आत सुनिलने बोलायला सुरुवात केली. बुंध्यापासून कॉलपर्यंत त्याने सगळं सांगितलं. लटारूचं नाव घेतलं, हसणाऱ्या प्रत्येकाचं घेतलं.

"आणि मी पण हासलो, मॅडम. एका शब्दानं थांबवू शकत होतो, पण भेलो. मले माझीच लाज वाटते." त्याचे डोळे भरून आले. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याला जरा हलकं वाटलं.

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. "सुनिलभाऊ, तुम्हाला मी साक्षीसाठी बोलावलं नव्हतं. हा अर्ज तुमच्या विरोधात आहे. यात दुसऱ्या कोणाचं नाव नाही."

सुनिलने बुधरीकडे पाहिलं. ती उठून उभी राहिली.

"लटारूभाऊले मी तोंडावर शिव्या देऊ शकते, मॅडम," ती म्हणाली. "पण जो माणूस माह्यं भलं करून राह्यलो म्हणून रोज मले घरी धाडून राह्यला, त्याले कसं थांबवू? म्हणून अर्ज केला."