दर तीन महिन्यांनी

“शेवटचे कधी आला होतात, सर?”

खुर्ची मागे कललेली, छातीवर कागदी रुमाल, डोळ्यांवर दिवा. निवृत्त मास्तरांनी उत्तर घरूनच तयार करून आणलं होतं.

“झाले असतील चार-सहा महिने.”

“अकरा,” दात साफ करणारी ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी त्यांच्या हिरड्यांतून पू येत होता. डॉक्टरांनी चार बैठकांत हिरड्यांच्या आतपर्यंत साफसफाई केली आणि बजावलं, “आजार आटोक्यात आलाय, गेलेला नाही. घर एकदा झाडलं म्हणून धूळ बसायची थांबत नाही. दर तीन महिन्यांनी यायचं. टाळाटाळ केलीत तर दात हलायला लागतील.” मास्तरांनी मान डोलावली. जन्मभर पोरांना शिस्त लावलेल्या माणसाला तीन महिन्यांची काय कथा.

पहिल्या फेरीला ते वेळेवर आले. डॉक्टरांनी त्यांना या ताईच्या हवाली केलं. काम संपल्यावर तोंडावरचा मास्क न काढताच ती म्हणाली, “ओळखलं नसेल तुम्ही मला. मी तुमच्या चौथीच्या वर्गात होते. खिडकीकडचा तिसरा बाक.”

मास्तर कसनुसं हसले आणि तडक घरी आले. तो बाक त्यांना चांगलाच आठवत होता.

दर सोमवारी ते मुलांची नखं आणि दात तपासत. एका सोमवारी त्या बाकावरच्या मुलीला त्यांनी फळ्याजवळ बोलावलं. “आ कर,” म्हणाले. मग वर्गाकडे वळून, “नाकं धरा रे सगळ्यांनी.” चाळीस पोरांनी नाकं धरली. हसून हसून वर्ग लोळला. मधल्या सुट्टीपर्यंत ती तशीच उभी होती. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवर आलं तरी तिने तोंड मिटलं नाही, कारण मिटायला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या महिन्यात तिचं नाव हजेरीतून कमी झालं. मास्तरांनी त्यावर लाल रेघ मारली आणि विसरून गेले. तीस वर्षं विसरले होते.

आता तिच्याच पुढ्यात आ करून पडायचं, तेही असल्या हिरड्या घेऊन.

पुढच्या तिन्ही तारखांना ते “जाऊन येतो” म्हणून निघाले आणि वाचनालयात तासभर पेपर चाळत बसले. घरी बायको विचारायची, “काय म्हणाले डॉक्टर?” “झकास आहे म्हणाले.” मग एकदा जेवताना घासाला रक्त लागलं. खालचा एक दात जिभेने ढकलला तर डुगडुगला. बायकोने सरळ दवाखान्यात फोन लावला, जाब विचारायला, की माणूस इतका नेमाने येतो तरी दात हलतोच कसा. पलीकडचं उत्तर तिने मुकाट ऐकून घेतलं. फोन ठेवून ती एवढंच म्हणाली, “चपला घाला.” दवाखान्याच्या दारापर्यंत सोडून ती परत फिरली.

हिरडी दातापासून किती खोल सुटलीय, ते ताईने बारीक सळई घालून मोजायला सुरुवात केली. एकेक आकडा ती स्वतःशीच पुटपुटत कागदावर लिहीत होती. “तीन. तीन. पाच. सहा.” डुगडुगत्या दातापाशी ती थांबली. “सात.”

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. नापासाचे गुण असे एकेक करून वाचून दाखवायची त्यांचीच पद्धत होती.

“फटींतला बारीक ब्रश रोज फिरवता?”

“फिरवतो की.”

तिने सळईचं रक्ताळलेलं टोक दिव्याखाली धरलं.

“नाही फिरवत,” मास्तर म्हणाले.

“आजपासून फिरवा. हा दात वाचेल बहुतेक. पण आता चुकवू नका.”

तासभर ती खरवडत होती, धूत होती. दुखलं की मास्तरांची बोटं खुर्चीच्या हातावर आवळायची, आणि लगेच तिचा हात थांबायचा. दर वेळी थांबायचा. ते त्यांना सोसवेना. तिने एकदा तरी मुद्दाम दुखवायला हवं होतं.

शेवटी तिने दिवा बाजूला केला. मास्तर उठून बसले. चूळ भरली, तोंड पुसलं, पण खुर्चीतून उतरले नाहीत.

“बाळ, मी अकरा महिने का आलो नाही, माहितीये? तुझ्यापुढे तोंड उघडायची लाज वाटली. त्या दिवशी तुला फळ्यापाशी उभं केलं, ते आठवलं मला. माफी मागायचीसुद्धा माझी लायकी नाही. तरी मागतो.”

ताईचे हात थांबले. तिने पहिल्यांदाच मास्क खाली ओढला. चेहरा मास्तरांच्या ओळखीचा नव्हता.

“ती मी नव्हे, सर. मी तिच्या शेजारी बसायचे.”

मास्तरांनी हातातला कागदी रुमाल खाली ठेवला.

“तिच्या तोंडाला वास येतो असं तुमच्या टेबलाशी येऊन मीच सांगितलं होतं. वास येत नव्हता. तिने मला पट्टी दिली नव्हती, म्हणून सांगितलं.” ती हत्यारं एकेक करून ट्रेमध्ये ठेवू लागली. “तुम्हीही वास घेऊन पाहिला नाहीत.”

मास्तरांनी विचारलं, “ती कुठे असते? काही ठाऊक आहे?”

“तिलाही तुमचाच आजार आहे. दर तीन महिन्यांनी येते, दातही मीच साफ करते. सहा वर्षं झाली, अजून सांगायचा धीर झाला नाही.” तिने मास्क वर ओढला आणि त्यांच्या हातात पुढच्या तारखेचं कार्ड दिलं. “जाताना दार उघडंच ठेवा, सर. तुमच्यानंतर तिचाच नंबर आहे.”