केळीतलं ऊन

झुंबरबाईने भर दुपारी केळीची हिरवीगार पानं कापायला घेतली, तशी सुनेने, मोहिनीने, घाबरून नवऱ्याला फोन लावला. "अहो, लवकर या. आईंनी बागेत विळा चालवलाय."

नीलेश बागेच्या दुसऱ्या टोकाला ठिबकच्या नळ्या बघत होता. धावतच आला. असोद्याचा वैशाख म्हणजे विचारूच नका. बांधावर पाय टेकवत नाही, आणि बागेत शिरलं की भरदिवसा संध्याकाळ. त्या अंधारात आईच्या डोक्यावर मात्र पानांना भलंमोठं भगदाड पडलं होतं. ऊन धो धो खाली येत होतं.

"माय, डोकं फिरलं का तुहं? घड भाजतीन ना सारे!"

"भाजू दे."

जीवरामचं, तिच्या नवऱ्याचं, वर्षश्राद्धही अजून व्हायचं होतं. आतड्याचा कॅन्सर. जळगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं होतं, "हे उन्हात जात नाहीत का कधी? व्हिटॅमिन डी अगदी तळाला गेलंय." नीलेश हसलाच होता. शेतकऱ्याला हे विचारायचं? डॉक्टर म्हणाले, डी कमी असलं की हा आजार जरा जास्त दिसतो, पण यांना त्यानेच झाला असं कुणी सांगू शकत नाही. आता त्या 'पण'च्या पुढचं कोण ऐकतं! नवरा उजाडायच्या आत केळीत शिरायचा आणि दिवे लागल्यावर बाहेर यायचा, एवढंच झुंबरबाईच्या डोक्यात घट्ट बसलं.

तो गेल्यापासून तिला बागेत दिसायचा. भीती नाही वाटायची. इतक्या वर्षांचा संसार, भीती कसली? आज सकाळीही ओळीतून वाकून येताना दिसला. जवळ आला, तर तो नीलेश निघाला. तिथे तिचं धाबं दणाणलं.

"सदरा काढ," ती म्हणाली.

"माय, डॉक्टर तसं नव्हते म्हटले वं."

"काढ म्हनते ना!"

विळा अजून तिच्या हातातच होता. दोन लेकरांचा बाप तो, पण त्याने मुकाट्याने सदरा काढला. तिने त्याला ढकलत उन्हात उभं केलं. पाठ पांढरीफटक. मोहिनी दुसरीकडे बघू लागली.

थोड्या वेळाने तो कळवळला. "चटके बसून राह्यले, माय. सावलीत येऊ दे आता."

झुंबरबाईने त्याचा दंड धरून ठेवला. रडू आवरेना तिला.

"तुह्या बापाले मीच बोलवायची रे सावलीत. बांधावर उभे दिसले की वरडायची, उन्हात नका थांबू, बागेत व्हा. अन् ते गुमान बागेत जायचे."