सरांचा उंदीर

"सर, उंदीर!"

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि खारघरच्या त्या प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये हशा पिकला. बसलेले सगळे चांगले चाळिशीतले विज्ञान शिक्षक. कुणाचे केस पिकलेले, कुणाचे गेलेले. पण ओरडणं अगदी नववीतल्या पोरांचं. फळ्यापाशी उभ्या असलेल्या नंदकिशोर सरांनी वळून पाहिलं. भिंगाच्या गणितात वस्तूचं अंतर त्यांनी नुसतं वीस लिहिलं होतं. तिथे वजा वीस हवं होतं. एवढंसं वजा लिहायचं राहून गेलं तरी प्रतिमा भलतीकडेच जाऊन बसते.

"सापडला का? शाब्बास!" असं म्हणत सरांनी वजाचं चिन्ह टाकलं आणि गणित पुढे नेलं.

उंदीर हा खास सरांचा शब्द. जुईनगरच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवताना ते फळ्यावर मुद्दाम एखादी चूक करून ठेवत. त्याला ते म्हणत, उंदीर सोडणं. तो वर्गानं पकडायचा. जो पकडेल त्याच्या हातात खडू, पुढचं गणित त्याचं. जेवणाच्या सुट्टीनंतर एरवी पेंगणारा वर्ग सरांच्या तासाला मांजरासारखा टपून बसे. पुढे सर शिक्षकांनाच शिकवू लागले, तेव्हा उंदीरही त्यांच्याबरोबर आले. आज नवी मुंबईतल्या कितीतरी वर्गांत ते फिरत असतील. मात्र सोडणाऱ्यांपैकी कुणालाच सरांसारखा साळसूद चेहरा करता येत नाही.

हॉलच्या दाराशी बसलेल्या अक्षताला मात्र हसू आलं नाही. ती सरांची शाळेतली विद्यार्थिनी, आणि यंदापासून या प्रशिक्षणाची प्रमुख. तिला आपला जुना वर्ग आठवत होता. उंदीर सोडला की सर थांबायचे. खडू टेबलावर ठेवायचे, हात मागे बांधायचे आणि मिशीतल्या मिशीत हसत वर्गाकडे बघत राहायचे. मग सगळा वर्ग श्वास रोखून फळा वाचायचा. चूक दिसली की छातीत कसं धडधडायचं! ते दिवस फार गोड होते. अक्षता भौतिकशास्त्राची शिक्षिका झाली ती त्या धडधडीपायीच.

आज सर थांबले नव्हते. वजा विसरून ते सरळ पुढची ओळ लिहीत सुटले होते.

नेमकं आजच हे व्हावं, याचं तिला वाईट वाटलं. पुढच्या वर्षीपासून सरांना बोलवायचं की तयार व्हिडिओ दाखवायचे, असं वरच्या ऑफिसनं तिला विचारलं होतं. उत्तर आजच द्यायचं होतं. सकाळी हॉलमध्ये शिरताना तिला विचारसुद्धा करावासा वाटला नव्हता. सर म्हणजे सर. आता मात्र तिचं मन खाऊ लागलं. शिक्षकांना शिकवणारा माणूसच चुकू लागला, तर ती कोणत्या तोंडानं त्यांचं नाव पुढे करणार होती?

चहाच्या सुट्टीआधी सरांनी विजेचा परिपथ काढला आणि अ‍ॅमीटर समांतर जोडला. असा जोडला तर यंत्र जळायचंच.

"सर, उंदीर!" पुन्हा ओरडा, पुन्हा हशा. सरही हसले. पण याही वेळी खडू टेबलावर ठेवून ते थांबले नव्हते.

चहाच्या वेळी तिनं बाजीरावांना बाजूला घेतलं. बाजीराव कळंबोलीच्या शाळेत शिकवत. सगळ्यांत मोठ्यानं ओरडणारे तेच.

"बाजीराव सर, ते उंदीर नव्हते," ती हळूच म्हणाली. "सर खरंच चुकतायत."

बाजीरावांनी इकडेतिकडे पाहिलं. "मॅडम, आमाला काय कळत नाय व्हय? मागच्या साली पन असंच झालं. तवाच आमी समद्यांनी ठरवलं. सर चुकले की हसायचं आन् उंदीर म्हनून वरडायचं. मग ती चूक ऱ्हातच नाय." त्यांनी कप खाली ठेवला. "फकस्त सरांना कळू देऊ नका. मोडून पडतील."

आपल्या एकटीलाच दिसलं, असं अक्षताला वाटत होतं. इथे तर अख्खा हॉल सरांना सांभाळत बसला होता. एवढं डोळ्यांत तेल घालून फळ्याकडे बघणारे शिक्षक कुठला व्हिडिओ तयार करणार होता? तिनं तिथेच फोन लावला आणि ऑफिसला सांगून टाकलं, पुढच्या वर्षीही नंदकिशोर सरच.

संध्याकाळी शिक्षक एकेक करून सरांच्या पाया पडून गेले. सर फळा पुसत होते. अक्षता लगबगीनं त्यांच्याजवळ गेली. कितीतरी वर्षांनी तिला पुन्हा खडू मिळवल्यासारखा आनंद झाला होता.

"सर, पुढच्या वर्षीही तुम्हीच हं. मी कळवूनसुद्धा टाकलंय."

सर फळा पुसतच राहिले. "नको गं. पुढच्या वर्षी तू उभी राहा इथे."

"असं काय करता सर? वर्ग ऐकणार नाही. काय सांगू मी त्यांना?"

"सांग, सरांचे गुडघे दुखतात." सरांनी हातांवरची धूळ झटकली. "मला सगळं कळत होतं, हे मात्र बोलू नकोस. किती जीव तोडून ओरडत होती गं पोरं!"