कळपातला एकसष्टावा

मायाक्कानं पडद्यावर एकदाच बोट टेकवलं, "ट्रकात चढा." साठ मेंढरांच्या गळ्यातल्या पट्ट्यांनी तो हुकूम एकेकाच्या मेंदूत उतरवला आणि मेंढरं ओळीनं फळीवरून वर निघाली. धाकटा दीर बिरू कळप घेऊन कोकणात चराईला चालला होता.

"वहिनी, एकसष्ट कशी भरली?" चढणारी मेंढरं मोजत तो हसला, आणि मग त्यानं फळीकडं बोट दाखवलं.

शेवटच्या मेंढरामागं बिरूचा बाप, मायाक्काचा सासरा, म्हातारा सिदू चढत होता. तो वाटा विसरायला लागला तेव्हा मायाक्कानंच एक जादा पट्टा त्याच्या मनगटाला बांधला होता. "घरी या" म्हटलं की मेंढरांसंगं मामाही घरी यायचे. पण त्यांचं नाव तिनं कळपाच्याच यादीत घातलं होतं.

"मामा, उतरा खाली!"

सिदू चढतच राहिला. तिनं धावत जाऊन पट्टा सोडला. म्हातारा फळीवर थबकला.

"पोरी, आता कुठं जायचं गं?"

"बांधा परत," बिरू म्हणाला, "नाहीतर हरवतील आबा."

"माझ्यासंगं यायचं, मामा." तिनं त्यांचा हात धरला, आणि म्हाताऱ्याच्या पावलानं दोघं घराकडं निघाली.