ढगांच्या फटीतून

साठीतल्या कुलसुमला विमानातून उडी मारायची हौस होती. पण रत्नागिरीवर ढग दाटले होते, आणि ढगात समोरचं दिसत नाही म्हणून उडी मारायची नाही, असा नियम. दोन दिवस विमान उडालंच नाही. तिसऱ्या सकाळी ढगांना मोठी फट पडली.

प्रशिक्षक दीपकच्या पट्ट्यांना बांधलेली कुलसुम उडी घेताच पोरीसारखी हसत सुटली. पॅराशूट उघडलं. खाली आरे-वारेचा किनारा चमकत होता.

तेवढ्यात कडेच्या ढगातून एक बाई पॅराशूटसकट वर जाताना दिसली. तीही हसत होती. वाटेत भेटल्यासारखं तिने विचारलं, "येतेस गो?"

"चाची, उत्तर देऊ नका," दीपक कुजबुजला.

तोवर कुलसुम आनंदाने "येते" म्हणून बसली होती, आणि किनारा हळूहळू लहान होऊ लागला.